पोचल्याचा आवाज

रस्त्यावरच्या दिव्यांच्या पहिल्या खांबासाठी जागा सापडली ती नेमकी चांगुणामायच्या ओट्याच्या कोपऱ्यात. रस्त्याच्या एका अंगाला कालव्याची जमीन, तिथं काही रोवता येत नाही. दुसऱ्या अंगाला केळीचं रान, आणि त्याचा मालक राहतो परभणीला. नगरसेविका मिराबाई राठोड सगळा रस्ता पायी फिरून आल्या आणि ओट्यापाशी थांबल्या.

बैठकही तिथंच भरली. कुणाला वेगळं बोलवावं लागलं नाही. जीपमधून उतरलेली माणसं संध्याकाळी तशीही इथंच थांबतात. इथून पुढं नव्या वस्तीपर्यंत आणि त्यापुढच्या तांड्यापर्यंत कालव्याच्या कडेनं नुसता अंधार, एकट्यादुकट्यानं कुणी जात नाही. मायच्या दारावरच्या बल्बखाली पोत्यावर बसायचं, माठातलं पाणी प्यायचं, चार माणसं जमली की सोबतीनं निघायचं. पूल ओलांडला की मागं वळून ओरडायचं, "पोचलो वोऽ माय." मायनं इकडून "बरंऽ" म्हटलं की मगच पुढं जायचं. हा नियम कुणी घातला कुणाला ठाऊक नाही, पण नगरपरिषदेच्या नियमांपेक्षा तो बरा पाळला जातो.

माय एकटी राहते. दिवसा तिच्या दारात चिटपाखरूही फिरकत नाही. संध्याकाळी मात्र कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस व्याली, हे सगळ्या वस्तीच्या आधी तिला कळतं. दिवे लागले की ही माणसं दारावरून सरळ निघून जाणार, हेही तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तिनं नेहमीसारखा माठ भरून ठेवला, आणि जिथं खांब यायचा होता त्याच कोपऱ्यात ती मांडी घालून बसली.

गाऱ्हाणी सुरू झाली. तुंबलेल्या नालीचं झालं, घंटागाडीचं झालं, मोकाट कुत्र्यांचं झालं. भिवाजीला वस्तीच्या तोंडाशी कमान पाहिजे होती. कमानीखालून अंधारातच जायचं का, असं एका बाईनं विचारलं आणि कमान तिथंच पडली. मग धम्मानंद उठला. त्याची मुलगी शितल गावातल्या मेडिकलवर कामाला आहे. मागच्या आठवड्यात तिची जीप उशिरा आली, सोबत मिळाली नाही, आणि माय नको नको म्हणत असताना ती एकटीच निघाली. पुलावर दारुड्यांनी वाट अडवली. पलीकडून आवाज येईना, तेव्हा माय स्टीलचं ताट काठीनं बडवत अंधारात चालत गेली. एवढा गोंगाट ऐकून दारुडे पळाले. तेव्हापासून धम्मानंद घरात एकच सांगत होता, दिवे नाहीत तर नोकरी नाही.

मिराबाई मायच्या शेजारी टेकल्या. "माय, कोपरा फोडावा लागल. तुमी व्हय म्हणलं तरच."

माय म्हणाली, उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागं बेडूक, बेडकांमागं साप. लोक हसले. मग म्हणाली, पावसात खांबात करंट उतरतो. तसं होऊ देणार नाही, असं मिराबाईंनी सांगितलं. मग ती म्हणाली, हा ओटा तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधला होता. यावर कुणी हसलं नाही. ही गोष्ट खोटी नव्हती, पण खरं कारण तेही नव्हतं.

"माय, तुमचे उपकार मी जलमभर इसरणार न्हाई," धम्मानंद म्हणाला. "पन तुमी कुठवर ताट बडवत येणार? तुमच्यामागं माझ्या लेकरानं काय करावं?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. शितल मान खाली घालून पोत्याचा दोरा उसवत बसली होती. मायनं तिच्याकडं बघितलं. नोकरी लागली त्या दिवशी ही पोरगी पेढे घेऊन आधी याच ओट्यावर आली होती. माय कोपऱ्यातून उठली. तिनं सगळ्यांना उठवून पोतं झटकलं, त्याची घडी घातली आणि ती दाराच्या आत नेऊन ठेवली.

"फोडा," ती म्हणाली. "दगडं मात्र फेकू नका. चांगली हायत."

लोकांना हायसं वाटलं. कुणी मायला हात जोडले, कुणी मिराबाईंना. दिवस मावळला होता. आज सोबतीची वाट बघायचं कारण नव्हतं, अख्खी बैठकच एका वाटेनं निघाली. मिराबाईंचं घरही तांड्यातच. बोलत, हसत, दिव्यांची जागा हातानं दाखवत सगळे गेले. माठातलं पाणी तसंच राहिलं.

थोड्या वेळानं पुलापलीकडून आवाज आला. एकदम खूप जणांचा, जत्रेहून परतल्यासारखा.

"पोचलो वोऽ माय."

मायच्या तोंडाशी "बरं" आलं होतं. तिनं पदर तोंडावर दाबला.

पुन्हा हाक आली. ती गप्पच राहिली. तिला राग आला नव्हता. तिला फक्त एक गोष्ट आजच कळून घ्यायची होती, खांब यायच्या आधी.

पलीकडचं हसणं थांबलं. कालव्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मायला वाटलं, गेले. तेवढ्यात पुलावर मोबाईलचा एक उजेड मागं वळला. त्याच्यामागं आणखी एक, मग आणखी. सगळे भराभर इकडंच येऊ लागले, आणि सगळ्यांच्या पुढं शितलचा घाबरलेला आवाज.

"माय, आवाज काहून न्हाई देऊन राहिल्या?"

चांगुणामाय घाईघाईनं आत गेली आणि तिनं घडी घातलेलं पोतं आणून पुन्हा ओट्यावर अंथरलं.