शेवटच्या संध्याकाळचा विषय

या खटाटोपात बाईंच्या पदरात काहीच पडणार नव्हतं, साधी बढतीही नाही. जागतिक परिषदेत कुठला विषय कधी घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. बाळंतपणाच्या पगारी रजेचा ठराव एका देशाने अडवला तरी बारगळणार होता. म्हणून त्यांनी तो शेवटच्या संध्याकाळी ठेवला, विरोध करणाऱ्या देशांच्या प्रतिनिधींची विमानं सुटायच्या वेळेला. त्यांच्यातल्या एकाचंच तिकीट नेमकं दुसऱ्या दिवशीचं निघालं. तोच बॅग उचलून बाईंच्या टेबलाशी आला.

“विषय अगदी हिशेबाने लावलात हं, बाई. निघतो, विमान चुकेल.”

“साहेब, तुमचं तर उद्या आहे.”

“ते तुम्हाला आणि मलाच माहीत. घरी सुनेला आठवा लागलाय.”

ठराव बिनविरोध झाला. जगभरच्या बाळंतिणींचा पगार सुरू राहिला. त्याच्या सरकारने बंद केला तो फक्त त्याचा.