दोन बशा पोहे

"दोन बशा पोहे रिचवले, पण तोंडातून शब्द नाही! भिंतीला खाऊ घातलं असतं तर तिनंही हुंकार दिला असता." बाहेर ऐकू जाईल अशा बेतानंच नर्मदाबाई स्वयंपाकघरात बोलल्या.

"आजी, ही इज शाय," अस्मी कुजबुजली.

"लाजायला तो काय नवरी आहे?"

नीरव अबुधाबीहून अस्मीला मागणी घालायला आला होता. जन्म इकडचाच, आखातातला. मराठी समजायची, बोलताना अडखळायचा. दुबईतल्या अल कुसैसच्या या घरात शेवटचा शब्द नर्मदाबाईंचा, आणि त्यांच्या पोह्यांना नावाजल्याशिवाय आजवर एकही पाहुणा उठला नव्हता. आज बेल वाजली तशी कढई सुनेवर टाकून त्या स्वतः दार उघडायला गेल्या. एवढा मान दिला, आणि हा असा मुखदुर्बळ!

शेवटी अस्मीनं टीव्हीवर जुना मूकपट लावला. अमेरिकेतल्या गुराख्याचा. "आजी, यात कुणीच बोलत नाही."

"म्हणजे याच्याच घरातली माणसं," म्हणत नर्मदाबाई बाहेर येऊन बसल्या.

मोठ्या टोपीवाला गुराखी मालकाच्या मुलीवर भाळलेला. तिच्यासाठी आणलेली फुलं गायीनंच खाल्ली. घोड्यावरून ऐटीत उतरायला गेला तो थेट पाण्याच्या हौदात. नर्मदाबाई पदराआड हसल्या. मग मुलीनं त्याला हातानं भाजलेला पाव वाढला. पार कोळसा. त्यानं घास घेतला. डोळ्यांत पाणी तरळलं. मुलगी बघत होती. गुराखी गोड हसला आणि ताटली पुन्हा पुढं केली.

"मेला, प्रेमापायी कोळसा खातोय!" नर्मदाबाई खदखदून हसल्या, आणि मधेच थांबल्या. नीरवपुढचा पाण्याचा जग रिकामा होता.

त्या उठल्या. घरच्या बायकांसाठी कढईत राखलेल्या पोह्यांतली चिमूट जिभेवर ठेवली. डोळेच मिटले.

"लतिका, मीठ तू घातलंस?"

"हो आई, तुम्ही दाराशी गेलात म्हणून."

"मी घालूनच गेले होते गं."

त्या बाहेर आल्या. नीरव ताडकन उभा राहिला. सगळं बळ एकवटून म्हणाला, "आजी, पोहे... खूप छान होते."

"खाली बस. छान म्हणायचं ते पाहुण्यांनी. तू आजपासून घरचा. खारट झालं तर खारट म्हणायचं, अगदी माझ्या तोंडावर!"