खिशाचं माप

"खिशात ठेवायचं काय, ते आधी सांग," जर्मनीत लेकीकडे राहायला आलेले लहू तिला म्हणाले. भुसावळात चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेला माणूस; वस्तू पाहिल्याशिवाय कापडाला कात्री लावणार नाही म्हणजे नाही.

धम्मदीपाने बॅगेतून लाकडी नमुना काढून टेबलावर ठेवला. तळहाताएवढं आखूड पिस्तूल. आत शिसं भरलेलं, खऱ्याइतकंच जड.

"एवढंसं?"

"हो, पण गोळी मोठ्या पिस्तुलाची. आमची कंपनी हे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी बनवतेय. कोटात ठेवलेलं दिसता कामा नये. सोमवारी बॉसला दाखवायचंय, बाबा. माझी प्रोबेत्साइट, ती कच्च्या नोकरीची मुदत, संपतेय. हे जमलं तर नोकरी कायम, नाहीतर रेगेन्सबर्गमधून गाशा गुंडाळायचा."

लेकीच्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर लहू कशाला मागे राहतायत! रविवारी मशीनची खडखड शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून शनिवारीच बसले. तिच्या काळ्या कोटाचं अस्तर उसवलं, आत जाड कापड घातलं. जड वस्तू पडायला नको, म्हणून खिशाला झाकण आणि बटणही लावलं. हाताची सवयच ती.

"झाकण नको, बाबा. पटकन निघालं पाहिजे."

"पटकन?"

तिने कात्री त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी झाकण उसवून टाकलं.

धम्मदीपाने कोट चढवला, नमुना खिशात सरकवला आणि हात आतच ठेवून समोर उभी राहिली. लहूंनी चष्मा सारखा केला. खांदा पाहिला, शिवण पाहिली, कुठे फुगवटा येतोय का ते वाकून पाहिलं. छे! इतकं सफाईदार काम आपल्या हातून याआधी झालं नव्हतं, हे त्यांनाही कळलं. स्वारी स्वतःवरच खूश झाली.

"काही म्हणजे काही दिसत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर! समोरच्याला कळताच कामा नये." ती हसत त्यांच्याकडे आली. "खांद्याला जरा ओढतंय, तेवढं बघा ना."

टेप घेऊन पुढे व्हायचं, तर लहू मागे सरकले. पाठ भिंतीला टेकली. आत नुसतं लाकूड आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोर आपलीच दीपा आहे, हेही.

"बघतो," ते म्हणाले. "आधी तेवढा हात बाहेर काढ, बाळा."