या महिन्याचा शब्द

चार वाजत आले होते आणि थोरली अजून दाराच्या कडीसमोर फोन धरून उभी होती. कडी आतली, लोखंडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. फोटो कडी घालून काढावा की काढून, एवढाच प्रश्न होता, पण त्याने तिची सबंध दुपार खाल्ली होती. दुपारी जेवण झाल्यावर शेजारणीचे शिवलेले कपडे तिने पिशवीत घालून दाराबाहेर अडकवले, तेवढंच काय ते काम. मशीनवर अर्धा फ्रॉक तसाच पडला होता आणि खिडकीतून आलेल्या उन्हात सुताची धूळ तरंगत होती.

खेळ मावशीचा. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती घरच्यांच्या ग्रुपवर एक शब्द टाकायची. शब्द असा, की त्याचे दोन-तीन अर्थ निघावेत. ज्याने त्याने सुचेल तो अर्थ शोधायचा, त्याचा फोटो काढायचा आणि शेवटच्या रविवारी बरोबर चारला टाकायचा. उशीर झाला की बाद. एकच वस्तू दोघांनी पाठवली की दोघेही बाद. मावशीने जन्मभर शाळेत पेपर तपासले होते, निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. या महिन्याचा शब्द होता ‘कडी’. “बघू, कोण कुणावर कडी करतं,” तिने वर लिहिलं होतं.

थोरलीला महिनाभर त्या शब्दाचंच वेड लागायचं. ‘तार’ आला होता तेव्हा अख्खं आकाश तिला कुणी तरी वाळत घातल्यासारखं दिसायचं. ‘पान’ आला तेव्हा ती रस्त्याने थांबत थांबत चालायची आणि गिऱ्हाइकं दारात ताटकळायची. झोपेतही शब्द सुटायचा नाही.

पण खरं सांगायचं तर ती खेळायची धाकटीसाठी. तीन वर्षं बहिणी-बहिणींत बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटी दुसऱ्या दिवशी पोचली. गाडी चुकली होती, फोन लागत नव्हता, काय काय झालं होतं. थोरलीने ऐकूनच घेतलं नाही. दाराला कडी घातली आणि आतून एवढंच म्हणाली, “उशीर केलास.” बाहेर बराच वेळ रडणं ऐकू येत होतं. मग पावलं जिना उतरून गेली. राग कधीच विरला होता. उरला होता नुसता संकोच, आणि तो रागापेक्षा चिवट निघाला.

ग्रुपवर खेळाशिवाय काही बोलायचं नाही, हाही मावशीचाच नियम. त्यामुळे धाकटी तिला फोटोंतूनच भेटायची. तिच्या गॅलरीचा कठडा, कान तुटलेला कप, भाचीचे वाढत गेलेले पाय. ते फोटो थोरली पुन्हा पुन्हा मोठे करून बघायची. इतक्यात मात्र धाकटीचं काही तरी बिनसलं होतं. ‘पाटी’ला बसथांब्याची गंजकी पाटी. ‘वळण’ला रस्त्याचा एक कोपरा आणि पोपडे आलेली भिंत. ‘पायरी’ला जिन्याची टवका उडालेली पायरी. सगळं अगदी जवळून काढलेलं, कुठलंही असू शकेल असं. मुलगी आळशी झाली, थोरलीने मनात म्हटलं. पायरीच्या फोटोखाली मामाने लिहिलं होतं, “काखेत कळसा नि गावाला वळसा!” पण मामा काय, काहीही लिहायचा.

शेवटी थोरलीने कडी काढली. सुटून लोंबणाऱ्या कडीचा फोटो घेतला. धाकटीला कळेल? कळायलाच हवं. आज नाही कळलं तर पुन्हा आपल्याला हे धाडस व्हायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चारच्या ठोक्याला तिने डोळे मिटून फोटो पाठवून दिला.

भराभर इतरांचे आले. मावशीच्या ट्रंकेची कडी. मामाच्या झोपाळ्याची कडी, अर्थातच त्याच्या अंगठ्यासकट. धाकटीचा काही आला नाही.

“धाकटी बाद,” मावशीने जाहीर केलं.

थोरली मशीनपाशी जाऊन बसली. तिने फ्रॉक पुढ्यात ओढला, पण सुईत दोरा ओवता येईना.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीचा फोटो. दाराची बाहेरची कडी, आणि तिला अडकवलेली ठिपक्यांच्या कापडाची पिशवी. पिशवीचा एक बंद ठिपक्यांचा, दुसरा साधा निळा.

थोरली बघतच राहिली. ठिपक्यांचं कापड पुरलं नाही म्हणून तो निळा बंद तिनेच जोडला होता. आणि ही पिशवी तिने आज दुपारी अडकवली होती.

मग एकेक फोटो जागेवर जाऊन बसला. ती गंजकी पाटी नाक्यावरच्या थांब्याची. ती भिंत गल्लीच्या वळणावरची. आणि ती पायरी तर थोरली स्वतः रोज भाजीची पिशवी घेऊन चढत होती. महिन्यागणिक धाकटी थोडी थोडी जवळ येत होती, आणि दर वेळी तिथूनच मागे फिरत होती.

फोन पुन्हा वाजला. “एकाच दाराच्या दोन कड्या? ही एकच वस्तू धरली जाईल. दोघीही बाद!” मावशीने लिहिलं होतं.

थोरली दाराशी गेली. पलीकडे कुणी तरी नाक ओढलं.

“ताई,” बाहेरून आवाज आला, “उशीर झाला का गं?”

“नाही गं, ठमे,” थोरली म्हणाली. “ढकल. कडी काढलेलीच आहे.”