तीन किकचा नियम

दातांच्या डॉक्टरांनी पहिली किक मारली. स्कूटर हूं की चूं करेना.

"होतं असं कधीकधी," पिस्टनराव म्हणाले आणि उगाचच छताकडे बघू लागले.

पिस्टनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची हयात छापखान्यात मशीन चालवण्यात गेली. पण जुन्या स्कूटरींचं वेड असलेल्या चार टाळक्यांनी त्यांना हे नाव चिकटवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. भंगारात निघालेल्या तीन स्कूटरींमधून त्यांनी ही एक उभी केली होती. एकीचं इंजिन, दुसरीचा सांगाडा, तिसरीचं हँडल. हेडलाइट वरून उतरवून पुढच्या मडगार्डवर बसवलेला. रंग मोरपंखी. सीट तेवढी बायकोने शिवून दिली, तीही "माझ्या मशीनची सुई मोडली तर बघा" असं बजावून.

गाडी तयार झाली आणि घरात ठिणगी पडली. कारण ती उभी राहिली नेमकी शिलाई मशीनच्या जागेवर. मशीन स्वयंपाकघरात गेलं आणि एक दिवस कुणाच्या तरी नव्याकोऱ्या पांढऱ्या झग्यावर तेलाचे शिंतोडे उडाले. तेव्हा बायको सख्ख्या भावासमोर म्हणाली, "या घरात एक तर ती राहील, नाही तर मी." आता मेहुण्यासमोर माघार कशी घ्यायची? "विकून टाकतो," पिस्टनराव बोलून बसले. शब्द परत घेणं दोघांच्याही रक्तात नव्हतं.

विकायची, पण आपल्या अटीवर. गिऱ्हाइकाने तीन किक मारायच्या. हत्याराला हात लावायचा नाही. सुरू झाली तर गाडी त्याची. गाडीला माणूस कळतो, असं पिस्टनरावांचं ठाम मत होतं. मित्रमंडळीही मान डोलवायची, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या गाडीला माणूस कळत होताच. आजवर चौघे आले, घाम गाळून हात हलवत परत गेले. पिस्टनराव प्रत्येकाला रीतसर कोपऱ्यापर्यंत पोचवून यायचे. परत येऊन किक मारली की गाडी लगेच फुरफुरायला लागायची. त्यांचा ऊर भरून यायचा. आतून बायकोचा आवाज यायचा, "झालं का कौतुक? आता पुढचा कधी येतोय?"

पुढचे आले ते हे डॉक्टर. काल ते नुसती गाडी बघून गेले होते. माणूस फारच चांगला निघाला. जोडाच्या जागी बोट फिरवून म्हणाला, "वेल्डिंग हाताला लागतसुद्धा नाही." सीटची शिवण तर त्याने चष्मा काढून पाहिली. असल्या माणसाला गाडी कशाला नाही म्हणेल? म्हणून आज सकाळी बायको आंघोळीला गेली तसे पिस्टनराव गाडीपाशी बसले. चांगला प्लग काढला, जळका बसवला. स्कूटरच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच लबाडी केली होती.

दुसरी किकही वाया गेली.

"प्लग बघू का जरा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नियम म्हणजे नियम, डॉक्टर."

बायको गळ्यात टेप अडकवून दारात उभी होती. "मारा हो जोर लावून," ती म्हणाली. "जाऊ दे एकदाची. माझी जागा मोकळी होईल."

पिस्टनरावांना हे फार लागलं. दर रविवारी ही बाई याच गाडीवर मागे बसून तळ्यापर्यंत येते. "हळू चालवा" असं म्हणत खांदा काही सोडत नाही. आणि तिला या गाडीची काडीचीही माया नसावी?

तिसऱ्या किकलाही गाडी ढिम्म. डॉक्टरांनी हँडलवरून एकदा हात फिरवला. "माझ्या नशिबात नाही म्हणायची," ते म्हणाले. कोपऱ्यापर्यंत जाताना ते गाडीचीच तारीफ करत होते. पिस्टनरावांना मान वर करून त्यांच्याकडे बघवेना. निरोप घेताना डॉक्टर म्हणाले, "कधी दाढ दुखली तर निःसंकोच या." आता सगळे दात पडले तरी या माणसाकडे जायची सोय उरली नव्हती.

ते लगबगीने घरी परतले. बायकोच्या लक्षात यायच्या आत प्लग बदलायला हवा होता. पण आत येतात तो बायको गाडीपाशी उकिडवी बसलेली. बाजूचं झाकण निघालेलं. जळका प्लग तिच्या हातात.

"हे तुमचं काम?" तिने विचारलं.

आता मेहुण्याला बोलावणं जाणार, हे पिस्टनरावांनी ओळखलं. लपवण्यात अर्थ नव्हता. "चुकलो," ते म्हणाले. "पण मला नाही गं विकवत ती. जीव जडलाय."

बायकोने चांगला प्लग पदराने पुसला, बोटांनी फिरवून जागेवर बसवला, पान्याने शेवटचा पीळ दिला आणि झाकण खटकन लावलं. कुठे शोधाशोध नाही की चाचपडणं नाही. पिस्टनराव बघतच राहिले.

"तुला हे कधीपासून यायला लागलं?"

"तुम्ही लोकांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला जाता ना, तेवढ्यात होतं बदलून," ती हात पुसत म्हणाली. "आज सकाळी बघते तर माझं काम आधीच उरकलेलं. आधीच्या चौघांना काय गाडीनं हाकललं, असं वाटलं होतं तुम्हाला?"