स्थिर पाणी

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांमधून रक्त किती वेगाने वाहतं, हे पत्र लिहिणारी ती आणि मी, दोन वेगळ्या गावांतल्या दवाखान्यांत, एमआरआयवर मोजत असू. मशीन बरोबर मोजतंय ना हे पाहायला रोज आधी त्यात पाण्याची बंद बाटली ठेवून तपासायची. तिच्यात प्रवाह शून्यच यायला हवा.

"दादा, माझ्या बाटलीत रक्तासारखा प्रवाह दिसतो," तिने लिहिलं होतं. "इथे सगळे मला वेडी म्हणतात, नोकरी जाईल. तुम्हालाही दिसतो का? नुसतं हो लिहा."

मलाही दिसत होता. पण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास कधी होता? मी वहीत शून्य लिहीत राहिलो. तिची नोकरी गेली.

आज, मी पूर्वी चालवत असे त्याच मशीनमध्ये, मी रुग्ण म्हणून झोपलो. सोबत कोणी नव्हतं.

"आजोबा, डोकं घरीच ठेवून आलात की काय?" तंत्रज्ञ मुलगी हसली. "तीनदा मोजलं, मेंदूत प्रवाह शून्य!"

"आणि सकाळी, बाटलीत?" मी हळूच विचारलं.

तिचं हसू मावळलं. समोरची वही तिने पटकन मिटली.

मी बाहेर आलो, पोस्टकार्डावर अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पत्रावरचा, पाठ झालेला पत्ता लिहिला, खाली 'हो' लिहिलं आणि ते टपालपेटीत टाकलं.