बिस्किटाचा नियम

निवृत्त झाल्यावर पोस्टमास्तरांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. सवय लागावी म्हणून स्वतःला नियमही घातला. रोज सकाळी तासभर दार लावून बसायचं आणि एक पान लिहून झालं, तरच क्रीमचं बिस्कीट.

"झालं का हो पान?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

"झालं, झालं! आण," मास्तर आतून बिनदिक्कत ठोकून द्यायचे. वही उघडून कोण बघतंय? वर्षभरात वहीत नुसतं शीर्षक उतरलं, पोट मात्र चांगलंच सुटलं.

परवा बायकोच्या नावाने पुस्तकांचा गठ्ठा आला. मुखपृष्ठावर लेखिका म्हणूनही तिचंच नाव! मास्तरांनी घाईघाईने पहिलं पान उघडलं.



"आमच्या ह्यांना अर्पण. रोज सकाळी तासभर दार लावून गप्प बसले, म्हणून लिहून झालं."